एंडोमेट्रिओसिसच्या सोनोग्राफीत ‘सरकणं’ कसं तपासायचं: नव्याने प्रोब हातात घेणाऱ्यांसाठी

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. त्यात गर्भाशयाला चिकटलेलं आतडं आणि गर्भाशयाला नुसतं टेकून बसलेलं आतडं थांबलेल्या चित्रात अगदी सारखं दिसतं. दोन्हीकडे तीच पांढरी रेघ आणि तेच दोन करडे थर. फरक कळतो तो हलवल्यावर. त्यामुळे ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट (याच आजाराची, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) मोजून, चार फोटो काढून ‘बाकी नॉर्मल’ लिहिलं, तर अर्धीच तपासणी झालेली असते. ऑपरेशनला दीड तास लागेल की पाच तास, आतड्याचा सर्जन आधीच बोलवायचा की नाही, हे उरलेल्या अर्ध्या भागावर ठरतं.

ओटीपोटातले अवयव पेरिटोनियमच्या गुळगुळीत आवरणात असतात आणि मधे द्रवाचा पातळ थर असतो. त्यामुळे श्वास घेतला, मूत्राशय भरलं, आतडं हललं की ते एकमेकांवरून सरकतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये दाह होत राहतो, फायब्रिन हे चिकट प्रथिन साचतं, त्याचं तंतुमय ऊतक बनतं आणि शेजारचे दोन थर एकमेकांना धरून बसतात. आपल्याला शोधायचं आहे ते हे धरून बसणं.

२०१६ साली ‘आयडिया’ या आंतरराष्ट्रीय गटाने या सोनोग्राफीचे चार टप्पे मांडले: गर्भाशय आणि ओव्हऱ्या नेहमीसारख्या पाहणं, ओव्हरीची हालचाल आणि नेमकं दुखणारं ठिकाण शोधणं, गर्भाशयामागची जागा, म्हणजे पाउच ऑफ डग्लस, मोकळी आहे का हे सरकवून पाहणं, आणि पुढच्या-मागच्या भागातल्या खोल गाठी शोधणं. क्रम मागेपुढे झाला तर बिघडत नाही, पण टप्पा गाळू नका. इथे भर हालचालीवर आहे.

अपॉइंटमेंट देताना

रिसेप्शनवर पाठ झालेलं वाक्य असतं: ‘लिटरभर पाणी पिऊन या, लघवी करू नका.’ या तपासणीसाठी ते काढून टाका. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या किंवा ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-कोपरखैरण्याहून उभ्याने आलेल्या बाईला गच्च मूत्राशय घेऊन यायला लावणं हा छळ आहे, आणि त्याने तपासणीही बिघडते. तुडुंब मूत्राशय गर्भाशयाला मागे दाबून धरतं आणि मग जे मोकळं आहे तेही अडकल्यासारखं दिसतं. आल्यावर लघवी करून यायला सांगा, मग एक ग्लास पाणी द्या आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबा. मूत्राशयात थोडीशी लघवी हवी, म्हणजे त्याची भिंत आणि गर्भाशयाचा पुढचा भाग यांच्यातली रेघ दिसते. तेवढं पुरतं.

पोट साफ करण्याचं औषध प्रत्येकीला लागत नाही. पहिली तपासणी तशीच करा. रेक्टममध्ये (गुदद्वाराच्या लगेच वरच्या आतड्यात) मळ किंवा गॅस असल्याने मागचं काहीच दिसत नसेल, तर एनिमा देऊन पुन्हा पाहा. तासभर आधी घरी एनिमा घ्या असं पनवेलहून येणारीला सांगून उपयोग नाही. तो सेंटरवरच द्यावा लागतो, आणि त्यासाठी शेजारी स्वच्छ संडास हवा.

तपासणी पाळीच्या कुठल्याही दिवशी करता येते. पाळी चालू असताना दुखणं जास्त असतं, म्हणून शक्यतो ते दिवस टाळतात, एवढंच.

बोलणं आणि संमती

आधी पाच प्रश्न विचारा: पाळीत किती दुखतं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं का, पाळीच्या दिवसांत संडासला किंवा लघवीला दुखतं का, मूल राहण्यात अडचण आहे का, आणि पोटाची कोणती ऑपरेशनं झाली आहेत. सिझेरियन, अपेंडिक्स, फायब्रॉइड काढणं, पूर्वीचा ओटीपोटातला जंतुसंसर्ग आणि टीबी यांची नोंद हमखास घ्या. जननमार्गाच्या टीबीतही आतले अवयव एकमेकांना घट्ट चिकटतात. आतडं सरकत नाही म्हणजे तिथे चिकटलेलं आहे, एवढंच ठरतं. कशामुळे चिकटलं ते बाकीच्या खुणांवरून ठरवायचं.

आतून, म्हणजे योनीतून, तपासणी करायची की नाही, हे ‘लग्न झालंय का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर ठरवू नका. आई किंवा सासूबाई सोबत असतील तर त्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा आणि बाईला एकटीला विचारा, की याआधी संबंध आला आहे का आणि आतून तपासलेलं चालेल का. नाही म्हणाली तर नाही. तिची संमती असेल तर तोच प्रोब गुदद्वारातून वापरून सरकणं पाहता येतं. तेही नको असेल तर पोटावरून सोनोग्राफी आणि एमआरआय हा मार्ग आहे. खोलीत महिला सहकारी हवीच.

सुरू करण्याआधी सांगा: ‘मी आत हळूच दाबून पाहणार आहे. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन.’ आणि हात वर झाला की खरंच थांबा. एकदा बाईने अंग आखडलं की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. लॅटेक्सची ॲलर्जी आहे का, हेही आत्ताच विचारा.

मशीन

आतला प्रोब साधारण ५ ते ९ मेगाहर्ट्झचा असतो. कव्हरच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे जेल लावा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर चित्रात काळी पट्टी येते आणि नवशिके गेन (चित्राचा उजळपणा) वाढवत बसतात.

हालचाल पाहायची म्हणजे फ्रेम रेट महत्त्वाचा. सेकंदाला २५-३० च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी सेक्टरची रुंदी कमी करा, खोली गरजेपुरतीच ठेवा आणि फोकस एकच ठेवा. फ्रेम ॲव्हरेजिंग, ज्याला बऱ्याच मशीनवर ‘पर्सिस्टन्स’ म्हणतात, ते कमीत कमी ठेवा. हे जास्त असलं की आधीची फ्रेम नव्या फ्रेमवर मिसळते, चित्र गुळगुळीत आणि छान दिसतं, पण सरकण्याची कड पुसली जाते. सुंदर चित्राच्या मोहात इथेच फसायला होतं. रक्तप्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर या टप्प्यात बंद ठेवा. तो फ्रेम रेट खातो.

सुरुवात पोटावरून, आणि किडन्या विसरू नका

पोटावरचा प्रोब घेऊन दोन्ही किडन्या पाहा. मूत्रवाहिनीभोवती एंडोमेट्रिओसिस असेल तर किडनी फुगू शकते, तीही काही न दुखता. बाई पाळीच्या दुखण्यासाठी आलेली असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘पेल्व्हिस’ लिहिलेलं असतं, आणि किडनी कोणी पाहत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

मग आत या. गर्भाशय पुढे झुकलेलं आहे की मागे, हे आधी ठरवा, कारण दाबायची जागा त्यावर बदलते. सर्व्हिक्स (गर्भाशयाचं मुख) पुढच्या दिशेने आणि फंडस (गर्भाशयाचा वरचा घुमट) मात्र मागे वळून आतड्याकडे खेचलेला, असा प्रश्नचिन्हासारखा आकार दिसला तर मागे काहीतरी धरून बसलं असण्याची शंका तिथेच घ्या. ॲडिनोमायोसिसच्या (तसंच ऊतक गर्भाशयाच्या स्नायूतच शिरण्याच्या आजाराच्या) खुणाही याच वेळी पाहा. तो बऱ्याचदा सोबत असतो.

मागची बाजू: मुख्य काम

आधी पुढे झुकलेलं गर्भाशय घेऊ.

गर्भाशयाचा लांबीचा मध्यछेद पडद्यावर आणा. सर्व्हिक्सची मागची कड, तिच्यामागे योनीची भिंत आणि त्यामागे रेक्टमची पुढची भिंत, एवढं एका चित्रात बसलं पाहिजे. आता प्रोबने सर्व्हिक्सवर हलकेच दाबा आणि सोडा. दाब किती? पिकलेला चिकू दाबून पाहतो तेवढा. दोन-तीन वेळा, सावकाश.

नजर कुठे ठेवायची, हे इथलं खरं कौशल्य. नवा माणूस सर्व्हिक्सकडे पाहतो, कारण तेच हलत असतं. तुम्ही पाहायची ती मधली रेघ. रेघेच्या एका बाजूचा थर पुढे जातो आणि दुसऱ्या बाजूचा मागे राहतो, असं झालं तर रेक्टम सरकतंय. दोन्ही थर एकत्र, एकाच तुकड्यासारखे हलले तर सरकत नाही. दाबताना नीट कळलं नाही तर सोडताना पाहा. पुष्कळदा सोडतानाच्या अर्ध्या सेकंदात फरक जास्त स्पष्ट दिसतो.

हे झालं सर्व्हिक्सच्या पातळीवरचं. आता वरचा भाग. प्रोब एका हातात तसाच ठेवून दुसरा हात बाईच्या ओटीपोटावर, जघनास्थीच्या जरा वर ठेवा, आणि गर्भाशय त्या हाताच्या व प्रोबच्या मधे हलकं झुलवा. फंडसच्या मागच्या बाजूवरून आतडं सरकतंय का ते पाहा. पडदा नीट दिसेल अशा जागी आधीच फिरवून ठेवा, नाहीतर मान वाकडी करून अंदाजाने पाहिलं जातं. दोन्ही पातळ्यांवर सरकत असेल तर पाउच ऑफ डग्लस मोकळं आहे असं म्हणायचं. एकच पातळी पाहून तसं म्हणायचं नाही. खाली मोकळं आणि वर चिकटलेलं, असं घडतं.

गर्भाशय मागे झुकलेलं असेल तर सगळं उलटं. फंडस आता प्रोबच्या जवळ, मागच्या फॉर्निक्सपाशी (सर्व्हिक्सभोवतीच्या योनीच्या खोलगट कोपऱ्यापाशी) असतो. तेव्हा प्रोबने थेट फंडसच्या मागच्या-वरच्या भागावर हलकं दाबा आणि रेक्टम त्यावरून सरकतं का पाहा. मग पोटावर हात ठेवून झुलवा. या वेळी सिग्मॉइड, म्हणजे रेक्टमच्या वरचं आतडं, गर्भाशयाच्या खालच्या भागाच्या पुढच्या बाजूवरून सरकतं का ते पाहायचं. मागे झुकलेल्या गर्भाशयात पुढे झुकलेल्याचीच पद्धत वापरणं ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि तिच्यामुळे चुकीचं ‘चिकटलेलं’ लिहिलं जातं.

आता बाकीच्या चुका, कारणांसकट.

आतडं आपणहून हलत असतं. त्या लाटेला सरकणं समजलं जातं. खात्री सोपी आहे: दाबणं थांबवा. तरी हालचाल चालूच असेल तर ती आतड्याची स्वतःची आहे. ती विरेपर्यंत थांबा, मग पुन्हा दाबा.

जोरात दाबलं की सगळा ओटीपोटच एकत्र ढकलला जातो. चिकटलेलं आणि मोकळं, दोन्ही सारखंच हलतं. दिसत नाही म्हणून अजून जोर लावणं हा नेमका उलटा उपाय. जोर कमी करा आणि चित्र मोठं करा.

मागच्या भिंतीत मोठा फायब्रॉइड असेल, गर्भाशय फार मोठं असेल किंवा पोटावर चरबीचा जाड थर असेल, तर फंडसची पातळी दिसतच नाही. तेव्हा ‘या पातळीवर तपासता आलं नाही’ असं लिहायचं. न दिसलेलं ‘नॉर्मल’ म्हणून खपवायचं नाही.

मागे थोडा द्रव असेल तर तो तुमचा मित्र आहे. त्यात पातळ पडदे शिडासारखे फडफडताना दिसले, तर ते चिकटलेल्या तंतूंचेच असतात. दाबून-सोडून पाहा, कुठून कुठे ताणले जातात ते कळेल.

ओव्हऱ्या

ओव्हरी सापडली की प्रोबने तिला हलकं ढकला आणि पोटावरच्या हाताने दुसऱ्या बाजूने. ती कशावरून सुटी होते आणि कशावरून होत नाही, हे एकेक करून पाहा: आतल्या बाजूला गर्भाशय, बाहेरच्या बाजूला ओटीपोटाची भिंत, खाली युटेरोसॅक्रल लिगामेंट (गर्भाशयाला मागच्या हाडाशी बांधणारा पट्टा), मागे आतडं. नुसतं ‘ओव्हरी फिक्स्ड’ लिहिल्याने सर्जनला काही कळत नाही. कशाला फिक्स्ड ते लिहा. दोन्ही ओव्हऱ्या गर्भाशयामागे येऊन एकमेकींना टेकल्या असतील, ज्याला ‘किसिंग ओव्हरीज’ म्हणतात, तर आजार बराच पसरला असण्याची शक्यता धरा आणि आतडं दुप्पट काळजीने पाहा.

वर, प्रोबच्या टप्प्याबाहेर असलेली ओव्हरी हलली नाही म्हणजे ती चिकटली असं नाही. पोटावरून दाबून ती खाली येते का पाहा.

चॉकलेट सिस्टचं नेहमीचं चित्र: घासलेल्या काचेसारखा एकसारखा करडा द्रव, एक ते चार कप्पे, आणि रक्तप्रवाह असलेले कोंब नाहीत. पण ताज्या रक्तस्रावाची साधी सिस्टही तशी दिसू शकते. शंका असेल तर ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा पाहा. साधी सिस्ट विरलेली असते. पाळी गेलेल्या बाईत हेच चित्र दिसलं तर चॉकलेट सिस्ट म्हणून सोडून देऊ नका.

पुढची बाजू आणि दुखणारी जागा

मूत्राशय आणि गर्भाशय यांच्यातलं सरकणं प्रोब पुढच्या फॉर्निक्समध्ये ठेवून, पोटावरच्या हाताने गर्भाशय झुलवून पाहतात. इथे आडवं येतं ते सिझेरियन. त्याच्या वणामुळेही ही जागा चिकटते. तेव्हा पूर्वी सिझेरियन झालेल्या बाईत नुसतं न सरकणं पाहून मूत्राशयाचा एंडोमेट्रिओसिस म्हणू नका. भिंतीत गाठ आहे का ते शोधा.

प्रोबच्या टोकाने दोन्ही युटेरोसॅक्रल लिगामेंट, दोन्ही बाजूचे आणि मागचा फॉर्निक्स, असे एकेक ठिकाण हळू दाबा. ‘दुखतंय का?’ याच्या पुढचा प्रश्न जास्त कामाचा आहे: ‘नेहमीचं दुखणं हेच का?’ शून्य ते दहामध्ये आकडा विचारा आणि जागेसमोर लिहा. जिथे दुखतं तिथेच थोडा वेळ थांबून बारकाईने पाहा. गाठ पुष्कळदा तिथेच सापडते.

आतड्यातली गाठ म्हणजे रेक्टमच्या स्नायूच्या थरात काळसर, जाड झालेला भाग. तिची तिन्ही मापं घ्या, गाठी किती ते मोजा आणि गुदद्वारापासूनचं अंदाजे अंतर लिहा.

एमआरआय कधी, आणि त्यात हालचाल दिसते का

आतली तपासणी शक्य नसेल, वरच्या सिग्मॉइडची शंका असेल, मूत्रवाहिनी गुंतली असेल किंवा मोठ्या ऑपरेशनची आखणी चालू असेल, तर एमआरआय मागवा. १.५ टेस्ला मशीन पुरतं. टी-२ आणि टी-१ हे एमआरआय चित्रांचे दोन प्रकार: टी-२ चित्रं सॅजिटल (पुढून मागे उभ्या), ॲक्सियल (आडव्या) आणि तिरक्या प्रतलात, आणि टी-१ फॅट सप्रेशनसह (चरबीचा उजळपणा दाबून) व त्याशिवाय. फॅट सप्रेशन गाळलं तर चरबीच्या पांढऱ्या रंगात रक्ताचे बारीक ठिपके हरवतात. आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिलिग्रॅम देतात. त्याआधी काचबिंदू, मायस्थेनिया (स्नायू दुबळे होण्याचा आजार), हृदयाचे वेगवान ठोके आणि लघवी अडकण्याचा त्रास विचारलाच पाहिजे.

साध्या एमआरआयमध्ये चिकटल्याच्या खुणा अप्रत्यक्ष असतात: मागे खेचलेलं गर्भाशय, वर ओढला गेलेला मागचा फॉर्निक्स, कोन करून वळलेलं आतडं, दोन अवयवांमधली पुसलेली चरबीची रेघ. हालचाल पाहायची तर सिने एमआरआय: मध्यरेषेवरची एकच सॅजिटल स्लाइस, वेगवान सीक्वेन्सने पुन्हा पुन्हा, मिनिटभर, आणि त्या वेळी बाईला खोल श्वास घ्यायला व हलका जोर द्यायला सांगायचं. याची सगळीकडे मान्य झालेली एकच पद्धत अजून नाही, आणि जोर बाई लावते, तुम्ही नाही. त्यामुळे सिनेमध्ये ‘सरकलं नाही’ दिसलं तरी त्याला हाताने केलेल्या तपासणीइतकं वजन देऊ नका.

रिपोर्ट

‘स्लायडिंग साइन पॉझिटिव्ह’ हे वाक्य घोटाळ्याचं आहे. इथे पॉझिटिव्ह म्हणजे सरकतं, म्हणजे चांगलं. पण रक्ताच्या आणि लघवीच्या रिपोर्टची सवय असलेल्या डोळ्यांना पॉझिटिव्ह म्हणजे आजार. रिपोर्ट आधी बाईच वाचते, बहुतेक वेळा रिक्षात, आणि घाबरते. म्हणून शब्दांत लिहा: ‘सर्व्हिक्सच्या पातळीवर रेक्टम मोकळं सरकतं. फंडसच्या पातळीवर आतडं सरकत नाही. डावी ओव्हरी गर्भाशयाला आणि डाव्या युटेरोसॅक्रल लिगामेंटला चिकटलेली, उजवी मोकळी. मूत्राशयाची बाजू मोकळी. दोन्ही किडन्या फुगलेल्या नाहीत.’ सर्जन एन्झियन वर्गीकरण (आजार कुठे किती पसरलाय ते अक्षर-आकड्यांत मांडणारं) वापरत असतील तर त्याचे कोड जोडा. २०२१ च्या आवृत्तीत ओव्हरी व नळीच्या चिकटण्यासाठी वेगळं ‘टी’ अक्षर आहे. पण वाक्यांच्या जागी नुसते कोड नकोत.

सगळं सरकतं आणि कुठेही गाठ नाही, तरी ‘एंडोमेट्रिओसिस नाही’ लिहू नका. पेरिटोनियमवरचे वरवरचे ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. ‘खोल एंडोमेट्रिओसिस आणि चिकटल्याच्या खुणा दिसल्या नाहीत’ हे खरं वाक्य. ‘एंडोमेट्रिओसिस नाही’ असं लिहिलं तर बाईला घरी ‘तुला काही झालेलंच नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं.

प्रत्येक पातळीची पाच-सहा सेकंदांची क्लिप साठवा, त्यात किमान दोनदा दाबणं आणि सोडणं आलं पाहिजे, आणि क्लिपवरच जागा लिहा. फोटोला इथे किंमत नाही.

नंतर

कव्हर काढून प्रोब आधी पुसा आणि धुवा, मग उच्च पातळीच्या जंतुनाशक द्रावणात ठेवा. ०.५५ टक्के ऑर्थो-थॅलाल्डिहाइडला साधारण १२ मिनिटं लागतात. बाटलीवरचा वेळ पाळा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा, कारण उरलेलं द्रावण आतल्या त्वचेला झोंबतं. संध्याकाळी रांग वाढली की कापला जातो तो हाच वेळ. दुसरा प्रोब असेल तर आलटून-पालटून वापरा.

एक वही ठेवा. रकाने साधे: सर्व्हिक्सची पातळी, फंडसची पातळी, डावी ओव्हरी, उजवी ओव्हरी, मूत्राशय, आणि प्रत्येकासमोर ऑपरेशनमध्ये काय सापडलं. ते मिळवायला सर्जनला फोन करावा लागतो, आपणहून कोणी कळवत नाही. मागची बाजू भरवशाने सांगता यायला साधारण ४० तपासण्या लागतात, असं शिकणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. पण त्या ऑपरेशनशी ताडून पाहिलेल्या हव्यात. वहीत फंडसच्या रकान्यात चुका जास्त दिसल्या, तर पोटावरचा हात जघनास्थीपासून किती वर ठेवता ते आधी तपासा.